कवकांतील पोषकद्रव्यांचे परिवहन

कवकांतील पोषकद्रव्यांचे परिवहन म्हणजे शर्करा, अमिनो आम्ले, अमोनियम, फॉस्फेट, लोह, जस्त इत्यादी पदार्थ पेशीपटलातून कवकाच्या पेशीत आणण्याची प्रक्रिया होय. कवकांना प्रकाशसंश्लेषण करता येत नाही आणि प्राण्यांप्रमाणे अन्न गिळताही येत नाही. ती विकरे पेशीबाहेर सोडून अन्नाचे पचन बाहेरच घडवतात आणि तयार झालेले लहान रेणू शोषून घेतात. त्यामुळे यीस्टच्या किण्वनाचा वेग, तसेच रोगकारक कवकाची यजमानाच्या शरीरात टिकून राहण्याची क्षमता, या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी पेशीपटलातील वाहक प्रथिनांवर अवलंबून असतात.

या विषयाचे बरेचसे ज्ञान पाव व मद्य तयार करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टच्या अभ्यासातून मिळाले आहे. १९९६ मध्ये या यीस्टच्या संपूर्ण जनुकसंचाचा क्रम प्रसिद्ध झाला. असा क्रम उलगडलेला तो पहिला दृश्यकेंद्रकी सजीव होय.

पेशीपटलाची रचना

कवकाच्या पेशीभोवती ग्लुकान व कायटिन यांनी बनलेली पेशीभित्तिका असते. लहान रेणू तिच्यातून सहज जातात. खरा अडसर तिच्या आतील पेशीपटलाचा असतो. हे पटल मेदरेणूंच्या दुहेरी थराचे असून त्यात अर्गोस्टेरॉल असते. मानवी पेशींत त्याचे स्थान कोलेस्टेरॉल घेते. शर्करा आणि विद्युत्‌भारित आयन या थरातून आपोआप पुरेशा प्रमाणात जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात वाहक प्रथिने असतात. असे प्रथिन बाहेरच्या बाजूस उघडते, ठरावीक रेणूला धरते, आकार बदलते आणि तो रेणू आत सोडते. शर्करा व अमिनो आम्ले यांचे बहुतेक वाहक पटलातून सुमारे १२ वेळा आरपार गेलेले असतात.

ऊर्जेची व्यवस्था

पदार्थ अधिक संहतीकडून कमी संहतीकडे जात असेल, तर वाहक केवळ वाट करून देतो. याला सुलभ विसरण म्हणतात. संहतीच्या विरुद्ध दिशेने पदार्थ आणायचा असल्यास ऊर्जा लागते. कवकांत ही ऊर्जा प्रामुख्याने पीएमए१ या प्रोटॉन पंपाकडून मिळते. हा पंप एटीपी खर्च करून प्रोटॉन पेशीबाहेर टाकतो. परिणामी बाहेरील द्रव आम्लधर्मी होतो आणि पेशीची आतील बाजू ऋणभारित राहते. न्यूरोस्पोरा या बुरशीत हा विद्युत विभवांतर सुमारे २०० मिलिव्होल्ट इतका मोजला गेला आहे. बाहेर साठलेले प्रोटॉन आत परत येताना शर्करेचा किंवा अमिनो आम्लाचा रेणू सोबत आणतात. या पद्धतीस सहपरिवहन म्हणतात. प्राण्यांच्या पेशींत हेच काम प्रामुख्याने सोडियम आयनांच्या आधारे चालते.

शर्करेचे परिवहन

सॅकॅरोमायसिस यीस्ट ग्लुकोज सुलभ विसरणाने घेते. त्यासाठी एचएक्सटी१ ते एचएक्सटी१७ अशी १७ जनुके असून गॅलक्टोज वाहून नेणारे जीएएल२ हेही त्याच कुलातील आहे. या वाहकांत एक प्रकारची श्रमविभागणी दिसते. एचएक्सटी१ या वाहकाची ग्लुकोजविषयीची आसक्ती कमी असते. दर लिटरला सुमारे १०० मिलिमोल ग्लुकोज असताना त्याचा वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो. एचएक्सटी७ साठी हाच आकडा सुमारे १ मिलिमोल आहे. म्हणून ग्लुकोज विपुल असताना पहिला आणि टंचाईत दुसरा उपयोगी पडतो. एसएनएफ३ आणि आरजीटी२ ही प्रथिने वाहकांसारखीच दिसतात. मात्र ती बाहेरील ग्लुकोजचे प्रमाण ओळखून योग्य वाहकाची जनुके कार्यान्वित करतात.

माल्टोज प्रोटॉनसोबत सहपरिवहनाने आत येते. बीअरसाठी भिजवलेल्या धान्याच्या अर्कात माल्टोज ही प्रमुख शर्करा असल्यामुळे या वाहकाला उद्योगात महत्त्व आहे. उसाच्या मळीतील सुक्रोजचे बव्हंशी विघटन यीस्टने पेशीबाहेर सोडलेल्या इन्व्हर्टेज या विकराने होते आणि तयार झालेले ग्लुकोज व फ्रुक्टोज आत घेतले जातात. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांशी संलग्न आसवनींमध्ये मळीपासून अल्कोहोल तयार होते, ते याच प्रक्रियेद्वारे.

नायट्रोजनचे परिवहन

१९६६ मध्ये बेल्जियममधील मार्सेल ग्रेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टमध्ये आर्जिनिनसाठी स्वतंत्र वाहक असल्याचे दाखवले. त्यासाठी त्यांनी आर्जिनिनसारखे दिसणारे कॅनाव्हॅनिन हे विषारी द्रव्य वापरले. ज्या यीस्टमध्ये हा वाहक निकामी असतो, त्यात विष शिरत नाही व ते जगते. जीएपी१ हा वाहक मात्र जवळपास सर्व अमिनो आम्ले आत घेतो. अमोनियमसारखा चांगला स्रोत मिळताच जीएपी१ वर युबिक्विटिनची खूण केली जाते, तो पटलावरून काढून रिक्तिकेत नेला जातो आणि तेथे त्याचे विघटन होते. अमोनियमसाठी एमईपी१, एमईपी२ व एमईपी३ हे तीन वाहक आहेत.

रोगकारक कवके आणि लोह

मानवी शरीरात मुक्त लोह जवळजवळ नसते. ते हिमोग्लोबिन, ट्रान्सफेरिन व फेरिटिन यांच्याशी बांधलेले असते. आवश्यक खनिजे अशी अडवून ठेवून शरीर रोगजंतूंची उपासमार करते. या बचावाला पोषणजन्य प्रतिकारशक्ती म्हणतात. निरनिराळ्या कवकांनी त्यावर निरनिराळे मार्ग काढले आहेत.

कँडिडा अल्बिकन्स हे कवक पेशीच्या पृष्ठभागावर लोहाचे क्षपण करून एफटीआर१ या वाहकाद्वारे ते आत घेते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार एफटीआर१ नसलेले कँडिडा उंदरांत सर्वांगीण संसर्ग घडवू शकले नाही. ॲस्परजिलस फ्युमिगाटस ही बुरशी लोहाला घट्ट धरणारे सायडेरोफोर नावाचे रेणू तयार करते. ते बनवण्याची क्षमता काढून टाकल्यास ती उंदरांत रोग निर्माण करू शकत नाही. कँडिडा स्वतः सायडेरोफोर बनवत नाही; मात्र इतरांनी बनवलेले आत घेऊ शकते.

म्युकरमायकोसिस या रोगात लोहाचे महत्त्व ठळकपणे दिसते. अनियंत्रित मधुमेहात किटोॲसिडोसिस झाल्यास रक्ताची आम्लता वाढते, ट्रान्सफेरिनची लोह धरून ठेवण्याची क्षमता घटते आणि ऱ्हायझोपससारख्या बुरशांना लोह उपलब्ध होते. शरीरातील अतिरिक्त लोह काढण्यासाठी दिले जाणारे डेफेरॉक्झामिन हे औषधही ऱ्हायझोपस सायडेरोफोरप्रमाणे वापरते. त्यामुळे ते घेणाऱ्या रुग्णांत या रोगाचा धोका वाढल्याचे आढळले. २०२१ मध्ये कोविड साथीच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रासह भारतभर ‘काळी बुरशी’ या नावाने हाच रोग पसरला. मधुमेह आणि स्टिरॉइड औषधांचा वापर ही त्यामागील प्रमुख कारणे मानली जातात.

वनस्पतींवरील कवके

तांबेरा व भुरी या रोगांची कवके पानाच्या पेशीत शोषकांगे घुसवून अन्न घेतात. घेवड्याच्या जवळच्या बाकला या पिकावरील तांबेऱ्याच्या शोषकांगात प्रोटॉनवर चालणारा शर्करावाहक २००१ मध्ये आढळला. उलट बाजूने, गव्हाचे एलआर६७ हे रोगप्रतिकारक जनुक गव्हाच्याच शर्करावाहकाचे बदललेले रूप असल्याचे २०१५ मध्ये स्पष्ट झाले. हे रूप ग्लुकोज वाहून नेत नाही. मात्र ते असलेला गहू तिन्ही प्रकारच्या तांबेऱ्याला आणि भुरीला अंशतः प्रतिकार करतो.

औषधोपचारातील महत्त्व

फ्लुसायटोसिन हे कवकनाशक सायटोसिनच्या वाहकातून कवकाच्या पेशीत शिरते व तेथे विषारी द्रव्यात रूपांतरित होते. मानवी पेशींत हे रूपांतर करणारे विकर नसते. मात्र वाहकाच्या जनुकात उत्परिवर्तन झाल्यास औषधाची वाट बंद होते आणि कवक प्रतिरोधी बनते. म्हणून हे औषध सहसा एकटे देत नाहीत. ॲम्फोटेरिसिन बी अर्गोस्टेरॉलला बांधले जाऊन पेशीपटल निकामी करते. याउलट कँडिडातील सीडीआर१ हा पंप ॲझोल गटातील औषधे पेशीबाहेर फेकतो. कवकांच्या व मानवाच्या पेशींत अनेक यंत्रणा समान असल्याने सुरक्षित कवकनाशके शोधणे कठीण जाते. त्यामुळे मानवात नसलेले सायडेरोफोर वाहक नव्या औषधांचे संभाव्य लक्ष्य म्हणून अभ्यासले जात आहेत.