विघटनानंतरचे काम
काम संपले की संप्रेरकांचे विघटन होते व अवशेष लघवीवाटे जातात, असे आपण वर्गात सांगतो. ते अपुरे आहे. १९४१ मध्ये हान्स सेल्ये यांना दिसले, की प्रोजेस्टेरोन टोचल्यास उंदरांना गुंगी येते. १९८६ मध्ये उलगडा झाला. प्रोजेस्टेरोनपासून बनणारा अ‍ॅलोप्रेग्ननोलोन हा पदार्थ मेंदूतील चेतापेशींच्या ‘गाबा’ ग्राहींवर काम करतो. (२०१९ मध्ये अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर तो औषध म्हणून मान्य झाला.) पण प्रोजेस्टेरोनच्या ग्राहीला तो स्वतः जोडला जात नाही, मग जनुकांचे काय? १९९३ मध्ये राइनर रुपरेख्त व सहकाऱ्यांनी दाखवले, की पेशीत त्याचे पुन्हा ऑक्सिडीकरण होते, आणि तयार झालेला पदार्थ त्याच ग्राहीमार्फत जनुके कार्यरत करतो. तेव्हा विघटन शिकवताना आपण एक वाक्य जोडू या: काही अवशेष पुन्हा कामाला लागतात.