बिनसाखरेचा फ्रूट केक : एका गोड प्रश्नाचा इतिहास

नोव्हेंबर सरत आला की इथल्या दुकानांतून फ्रूट केकचे डबे रचलेले दिसू लागतात. आपल्या मंडळींच्या घरी दिवाळीच्या फराळाचे डबे नुकते रिकामे झालेले असतात, तोवर बेदाणे भिजत पडतात. ब्रिटनमध्ये राहता राहता नाताळचा हा केक आपण कधी आपलासा केला, ते कळलेही नाही. हल्ली मात्र केकबरोबर एक प्रश्न हमखास येतो : "बिनसाखरेचा आहे ना?" कारण उघड आहे. घरात कुणालाच मधुमेह नाही असे कुटुंब आपल्या ओळखीत शोधावेच लागते.

मला जुन्या गोष्टी खणत बसण्याची आवड. म्हणून या बिनसाखरेच्या केकचे मूळ कुठे सापडते ते पाहू लागलो. जे सापडले त्याचा आपल्या ताटलीशी थेट संबंध आहे, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट म्हणजे, फ्रूट केक हा स्वस्त साखरेपेक्षा जुना आहे. मध्ययुगात इंग्लंडमध्ये साखर ही श्रीमंतांची चीज होती. सणासुदीला यीस्टवर फुगवलेल्या पावात सुकी फळे घालत, आणि गोडवा मुख्यतः त्या फळांचा किंवा मधाचा असे. फळे यायची भूमध्य समुद्राकडून. 'करंट' हे नावच मुळी ग्रीसमधल्या कॉरिंथ शहरावरून पडले. त्या काळी 'प्लम' म्हणजे बेदाणे-मनुका. मुंबई-पुण्याच्या बेकऱ्यांत आजही 'प्लम केक' म्हणतात. त्यात आलुबुखार शोधायला जाऊ नये!

पुढे कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या घामावर उसाचे मळे उभे राहिले आणि साखर उतू जाऊ लागली. १७०० च्या सुमारास ब्रिटनमध्ये दरमाणशी वर्षाला सुमारे ४ पौंड साखर खपत असे. १८०० च्या सुमारास १८ पौंड, आणि १९०० च्या सुमारास ९० पौंडांच्या आसपास. १८७४ मध्ये साखरेवरचा कर उठला आणि साखर गरिबाच्या चहातही आली. हॅना ग्लास या बाईंच्या १७४७ च्या प्रसिद्ध पाकपुस्तकात 'रिच केक'साठी ७ पौंड करंट आणि ३ पौंड साखर सांगितली आहे. म्हणजे फळांचा मान मोठाच होता, पण साखरही आता ऐटीत येऊन बसली होती.

साखरेच्या या वाटेवर दुसरी एक वाट येऊन मिळते, ती मधुमेहाची. आपल्या चरक-सुश्रुतांनी 'मधुमेह' हे नाव फार पूर्वी दिले होते. इंग्लंडमध्ये १६७४ मध्ये थॉमस विलिस यांनी अशा रुग्णांच्या लघवीच्या गोडीची नोंद केली आणि १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन यांनी ती गोडी साखरेचीच असल्याचे दाखवले. डॉब्सन होते लिव्हरपूलचे, म्हणजे ज्या बंदरात साखरेची जहाजे लागत त्याच गावचे. १७९७ मध्ये जॉन रोलो या लष्करी डॉक्टरांनी पाव-भाज्या तोडून मांसाहारावर भर देणारे पथ्य छापले. तेव्हापासून सव्वाशे वर्षे केक हा मधुमेह्यांच्या वाट्याला फारसा आलाच नाही.

हे पथ्य किती कडक व्हावे? विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवत, कारण जगवण्याचा दुसरा उपाय नव्हता. एलिझाबेथ ह्यूज ही त्यांची रुग्ण. वडील पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले, पण घरच्या ऐश्वर्याचा काय उपयोग! तिच्या एका वाढदिवसाला केक म्हणून टोपीची पेटी गुलाबी-पांढऱ्या कागदात गुंडाळून वर मेणबत्त्या लावल्या होत्या. १९२२ च्या ऑगस्टमध्ये तिला टोरांटोला डॉ. बँटिंग यांच्याकडे नेले, तेव्हा जवळजवळ पंधरा वर्षांच्या या मुलीचे वजन जेमतेम ४५ पौंड होते. त्याच वर्षी ११ जानेवारीला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन माणसाला दिले गेले होते. एलिझाबेथ वाचली, आणि १९८१ पर्यंत जगली.

इन्शुलिन समुद्र ओलांडून इथे आले तेव्हा लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयाचे डॉ. आर. डी. लॉरेन्स स्वतः मधुमेहाने खंगून इटलीत फ्लॉरेन्सला राहत होते. १९२३ मध्ये तार आली, ते परतले, वाचले, आणि उरलेले आयुष्य या आजारालाच वाहिले. १९३४ मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांच्या साथीने त्यांनी मधुमेह्यांची संघटना काढली. तीच आजची 'डायबेटिस यूके'. वेल्सनाही मधुमेह होता.

माझ्या मते लॉरेन्स यांचे सर्वांत उपयोगी काम वेगळेच आहे. त्यांनी 'वर्ज्य' या शब्दाऐवजी 'माप' हा शब्द आणला. त्यांच्या पथ्यात १० ग्रॅम कर्बोदकांचा एक 'काळा भाग' धरलेला असे, आणि रुग्णाने दिवसाचे भाग मोजून खायचे. पण मोजायचे तर कुठल्या पदार्थात किती कर्बोदके आहेत ते ठाऊक हवे. त्यासाठी आर. ए. मॅकॅन्स आणि लॉरेन्स यांनी पदार्थ तपासून १९२९ मध्ये तक्ते प्रसिद्ध केले. ब्रिटनमध्ये आज वापरतात ते अन्नघटकांचे तक्ते याच कामातून वाढत गेले.

मग युद्ध आले. ८ जानेवारी १९४० पासून साखरेचे रेशनिंग सुरू झाले, ते सप्टेंबर १९५३ मध्ये संपले. १९४० मध्येच केकवर साखरेचे आइसिंग करायलाही बंदी आली. लग्नात छोट्याशा केकवर पुठ्ठ्याचा मनोरा ठेवून फोटो काढत. एकदा आजाराने, एकदा युद्धाने, पुठ्ठ्याला असा दोनदा केकचा मान मिळाला! घरोघरी बायका गाजर किसून घालत आणि मिळतील तेवढ्या सुक्या फळांवर गोडी भागवत. आज आपण ज्याला 'आरोग्यदायी पाककृती' म्हणतो, ती अशी टंचाईतून तगून आली आहे.

युद्धानंतर दुकानांत 'डायबेटिक' लिहिलेले जॅम, चॉकलेट, बिस्किटे आली. बऱ्याचदा त्यांत साखरेऐवजी सॉर्बिटॉल असे. किंमत जास्त, स्निग्धांश काही कमी नाही, आणि जास्त खाल्ले तर पोट बिघडणार ते वेगळेच. अखेर जुलै २०१६ पासून युरोपीय नियमाने पदार्थावर 'मधुमेह्यांसाठी' असे लिहिणेच बंद झाले.

आता आपल्या केककडे वळू. समजा २५० ग्रॅम मैदा आणि ४०० ग्रॅम सुकी फळे घेऊन १६ काप केले. बेदाण्यांच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग साखरच असते, मग बेदाणे तासगावचे असोत की तुर्कस्तानचे. म्हणजे फळांतून सुमारे २७० ग्रॅम साखर आली, मैद्यातून सुमारे १९० ग्रॅम कर्बोदके. भागिले १६ : एका कापात साधारण २९ ग्रॅम, म्हणजे लॉरेन्स यांचे जवळजवळ तीन काळे भाग. यात २०० ग्रॅम साखर घातली असती तर ४१ ग्रॅम झाले असते. वाचले ते बारा ग्रॅम. फायदा खराच आहे. पण दोन काप खाल्ले की तो गेला आणि वर भरही पडली.

खजुराचा गर घालून केलेल्या केकचीही हीच गत. २००६ च्या युरोपीय नियमाप्रमाणे, जो ब्रिटनने पुढेही ठेवला, गोडीसाठी म्हणून कुठलाही पदार्थ घातला असेल तर 'साखर घातलेली नाही' असा दावा करता येत नाही. फळांत मुळातच साखर असेल तर तेही सांगणे अपेक्षित असते. आणखी एक व्यवहाराची गोष्ट : साखर केकला ओलावा देते आणि टिकवतेही. ती काढली तर फळे नीट भिजवावी लागतात, आणि केक महिनाभर मुरवत ठेवता येत नाही. काही दिवसांत संपवावा, किंवा काप करून फ्रीझरमध्ये ठेवावेत.

हे आपल्याला इतरांहून अधिक का लागू पडते? १९८५ मध्ये लंडनच्या साउथॉल भागातली पाहणी प्रसिद्ध झाली. तिथल्या आशियाई लोकांत मधुमेहाचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ चौपट आढळले. २००४ मध्ये पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ असण्यावर आपण विसंबू नये, हे एका फोटोने सांगितले.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला एक सूचना. आपल्या कार्यक्रमांत केकपुढे 'शुगर फ्री' अशी चिठ्ठी दिसते, आणि आपले काका-मावशी विश्वासाने दुसरा काप उचलतात. त्या चिठ्ठीवर यापुढे असे लिहावे : 'वरून साखर घातलेली नाही; फळांची साखर आहे; एका कापात सुमारे इतकी ग्रॅम कर्बोदके.' आकडा करणाऱ्याने घरूनच काढून आणावा. किचनचा काटा आणि पाच मिनिटे पुरतात. काप लहान करावेत. इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी आपापल्या डॉक्टरांचा सल्ला पाळावा, हे सांगायला नकोच.

एलिझाबेथच्या पिढीला पुठ्ठ्याच्या पेटीवर फुंकर मारावी लागली. आपल्याला खरा केक मिळतो आहे. तो मापून खाल्ला, तर पुढच्या नाताळलाही एकत्र बसून खाऊ.