वामन परत न आला (कादंबरी)

वामन परत न आला ही खगोलशास्त्रज्ञ व लेखक जयंत विष्णु नारळीकर यांची मराठी विज्ञान कादंबरी आहे. ती १९८६ साली प्रसिद्ध झाली. नष्ट झालेल्या एका प्रगत संस्कृतीचे अवशेष, वामनावताराची पुराणकथा आणि गुन्हेगारीचा पाठलाग असे तीन धागे या साहसकथेत एकत्र आले आहेत. प्रलयोत्तर साहित्यात सामान्यतः मानवजातीच्या विनाशानंतरचे जग दाखविले जाते. या कादंबरीत मात्र विनाश दुसऱ्या संस्कृतीचा झालेला आहे आणि तिच्या अनुभवावरून आजचा माणूस काही शिकेल का, हा प्रश्न कथेच्या केंद्रस्थानी आहे.

== पार्श्वभूमी ==

मराठी कादंबरीचा आरंभकाळ अद्भुतरम्य कथानकांचा होता. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या त्या परंपरेतील प्रमुख कादंबऱ्या होत. पुढे नाथमाधव (द्वारकानाथ माधव पितळे, १८८२–१९२८) यांच्या 'वीरधवल' या कादंबरीने हीच अद्भुताची आवड जोपासली. विज्ञानकथेचा प्रवाह मात्र निराळ्या वाटेने आला. ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाच्या कथेचे मराठी रूपांतर 'केरळ कोकिळ' या मासिकात विसाव्या शतकाच्या आरंभी क्रमशः प्रसिद्ध झाले होते.

मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली आणि तिला पारितोषिक मिळाले. त्यानंतर 'यक्षांची देणगी' (१९७९) हा कथासंग्रह आणि 'प्रेषित' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. 'वामन परत न आला' ही त्यापुढील कादंबरी होय.

कादंबरीच्या लेखनकाळात भारतात संगणकयुगाची चाहूल लागली होती. केंद्र सरकारने १९८४ साली नवे संगणक धोरण जाहीर केले होते. बँका व कार्यालयांत संगणक आल्यास नोकऱ्या जातील, या भीतीने कर्मचारी संघटनांचा त्याला विरोध होता. यंत्रावर किती विसंबावे, हा प्रश्न त्यामुळे वाचकांच्या रोजच्या चर्चेतला होता.

== कथानक ==

दक्षिण भारतात एका भौतिकी प्रयोगासाठी जमिनीत खोलवर खोदकाम चालू असताना एक घनाकृती पेटी सापडते. ती सध्याच्या मानवी संस्कृतीने घडविलेली नाही, हे लवकरच स्पष्ट होते. एक भौतिकशास्त्रज्ञ, एक संगणकतज्ज्ञ आणि एक पुरातत्त्वज्ञ असे तिघे मिळून पेटीतील माहितीचा अर्थ लावू लागतात. आजच्या विज्ञानाच्या कितीतरी पुढे गेलेल्या एका संस्कृतीचे ज्ञान त्यांच्या हाती येते. त्यातून बुद्धिमान यंत्रे निर्माण करण्याचा मार्ग खुला होतो.

या ज्ञानाचा सुगावा लागलेल्या स्वार्थी मंडळींची नजर त्यावर पडते आणि कथेला थराराचे वळण मिळते. दुसरीकडे, एवढी समर्थ संस्कृती नामशेष का झाली, हे कोडे शास्त्रज्ञांना सोडवावे लागते. पेटीतील ज्ञान वापरण्याचा मोह आणि त्याच ज्ञानाच्या मालकांचा झालेला शेवट, यांमधील ताण हा कथेचा मुख्य आधार आहे.

== शीर्षक आणि पुराणकथा ==

पुराणांनुसार बटू वामनाने बळीराजाकडे तीन पावले भूमी मागितली. गुरू शुक्राचार्यांनी सावध केले असतानाही बळीने दिलेला शब्द मोडला नाही. वामनाने दोन पावलांत पृथ्वी व स्वर्ग व्यापले आणि तिसरे पाऊल बळीच्या मस्तकावर ठेवून त्याला पाताळात धाडले. क्षुल्लक वाटणारी मागणी मान्य केल्यामुळे सर्वस्व गमावणे, हे या कथेचे सूत्र नारळीकरांनी मानव व यंत्र यांच्या नात्याला लावले आहे.

महाराष्ट्रात बळी हा प्रजाहितदक्ष राजा म्हणून स्मरला जातो. बलिप्रतिपदेला त्याची पूजा होते आणि शेतकऱ्याला 'बळीराजा' म्हणतात. महात्मा फुले यांनीही 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथात बळीला न्यायी राजा म्हणून गौरविले आहे. त्यामुळे वामनाचे परतणे मराठी वाचकाला केवळ देवाच्या पुनरागमनासारखे वाटत नाही, त्यात धोक्याची सूचनाही ऐकू येते.

== साहित्यप्रकार ==

प्राचीन अद्भुत आणि प्रलयोत्तर विज्ञान यांचा संगम पाश्चात्त्य साहित्यात अनेक कादंबऱ्यांत आढळतो. वॉल्टर मिलर यांच्या 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ'मध्ये अणुयुद्धानंतर मठवासी साधू विज्ञानाचे उरलेसुरले कागद जपतात. स्टर्लिंग लॅनियर यांच्या 'हायरोज जर्नी' (१९७३) या कादंबरीचा नायक विनाशानंतर हजारो वर्षांनी रानोमाळ भटकणारा धर्मोपदेशक आहे. टेरी ब्रुक्स यांच्या 'द स्वोर्ड ऑफ शॅनारा'मधील (१९७७) बुटके व एल्फ यांचे जग हे महायुद्धांत उद्ध्वस्त झालेली पृथ्वीच आहे.

या कादंबऱ्यांत लोप पावलेले विज्ञान पुढच्या पिढ्यांना जादूसारखे किंवा पवित्र वाटते. नारळीकरांच्या कादंबरीतील पात्रे मात्र आधुनिक शास्त्रज्ञ आहेत. ती अवशेषांची पूजा करीत नाहीत, त्यांचे वाचन करतात. पुराणकथा येथे चमत्कार म्हणून येत नाही. धोका ओळखण्यासाठी ती दृष्टान्ताचे काम करते.

नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी जॉन एलियट यांच्यासह लिहिलेल्या 'ए फॉर अँड्रोमेडा' या कथेत अंतराळातून आलेल्या संदेशात संगणक बांधण्याच्या सूचना असतात. परक्या संस्कृतीचे ज्ञान स्वीकारावे की नाही, हा पेच दोन्ही कथांत समान आहे.

== इंग्रजी आवृत्ती ==

ही कादंबरी 'द रिटर्न ऑफ वामन' या नावाने इंग्रजीत उपलब्ध आहे. स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने २०१५ साली विज्ञान व कथासाहित्य यांना वाहिलेल्या आपल्या मालिकेत तिचा समावेश केला. कथेमागील विज्ञानाचे लेखकाने केलेले विवेचनही त्या आवृत्तीत आहे.