मंडळी किती होती?

दर रविवारी दुपारी आत्या चर्चमधल्या भक्तीहून परत येते. बारामतीच्या जळोचीतल्या आमच्या घरापाशी रिक्षा थांबते, ती दारात चपला काढते, रेक्झिनच्या काळ्या पिशवीतून पवित्र शास्त्र आणि ‘उपासना संगीत’ काढून फडताळात ठेवते. पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आत बाबा विचारतात, "आक्का, आज मंडळी किती होती?" आत्या आकडा सांगते. एकेचाळीस. कधी अठ्ठावीस, "पाऊस होता ना." बाबा मान हलवतात आणि पुन्हा पेपरात शिरतात.

बाबा स्वतः भक्तीला गेल्याला बावीस वर्षं झाली. आजोबा गेले तेव्हा आम्ही दुसऱ्या गावी राहत होतो. मयत अंगणात होती आणि तिथल्या मंडळीचे एक पंच बाबांना बाजूला घेऊन मासिक वर्गणीच्या पावत्या मागत होते. आजोबांची सात महिन्यांची वर्गणी राहिली होती. बाबांनी पैसे मोजून दिले, दफन रीतसर झालं, आणि त्यानंतरच्या रविवारपासून त्यांनी त्या दाराची पायरी चढली नाही. इथे राहायला आल्यावरही नाही. पण पहाटे पाचला उठून दिव्याखाली शास्त्र वाचणारा आमच्या घरातला माणूस तेच आहेत.

आई वारकरी घरातली. लग्नानंतर तिने बाप्तिस्मा घेतला नाही, आणि बाबांनीही कधी विषय काढला नाही. तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला आली की आदल्या रात्रीपासून ती दिंडीसाठी भाकरी थापते. आतेभाऊ पुण्यात एका फेलोशिपला जातो, भाड्याच्या हॉलमध्ये, गिटार आणि पडद्यावरच्या गीतांसह. आत्याला ती भक्ती वाटत नाही, त्याला आत्याची भक्ती झोपाळू वाटते. एवढे मतभेद एका घरात असूनही सगळ्यांच्या तोंडी शब्द मात्र एकच, ‘मंडळी’. त्या शब्दाचा माग काढायचा हे मी बरेच दिवस मनात धरलं होतं. कुणाला मोजायचं आणि कुणाला नाही, हा बाबांचा जुना सल त्या शब्दातच कुठेतरी आहे, असं मला वाटत आलं आहे.

बायबलातला मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’. नगरातल्या नागरिकांना हाक देऊन बोलावलेली सभा, असा त्याचा साधा अर्थ. इमारतीचा त्यात संबंध नाही. हाच शब्द लॅटिनमधून पोर्तुगिजांकडे ‘इग्रेजा’ झाला, आणि गोव्यात उतरून ‘इगर्ज’. तोवर माणसं मागे पडली होती, राहिली ती पांढरी भिंत आणि घंटा. इंग्रजीतला ‘चर्च’ वेगळ्या वाटेने आला. त्याच्या मुळाशी ‘प्रभूचं’ असा ग्रीक शब्द आहे, म्हणजे प्रभूचं घर. वसईकडच्या ख्रिस्ती घरांत साधं ‘देऊळ’ म्हणतात. हे सगळे शब्द जागेचे. मराठी बायबलने मात्र ‘मंडळी’ घेतला आणि मूळ अर्थ पुन्हा माणसांवर आणला. काय मंडळी, जेवलात का? मंडळी कुठंयत, माहेरी का? किर्लोस्कर नाटक मंडळी, गंधर्व नाटक मंडळी. नाटक मंडळीला स्वतःचं थिएटर असो नसो, कनात ठोकली की मंडळी उभी. मुळात हे मंडळ, म्हणजे वर्तुळ. बेलवाडीला अश्व धावतो ते रिंगण आणि काटेवाडीला पालखीच्या रथाभोवती मेंढ्या धावतात ते रिंगणही त्याच आकाराचं. शास्त्राचं भाषांतर करणाऱ्या पंडितांच्या आणि मिशनऱ्यांच्या मनात हे सगळं होतं असं मी म्हणत नाही. शब्द आपलं घरचं सामान घेऊनच आला.

ख्रिस्ती उपासना मराठीत शिरली ती मात्र शब्दाच्या आधी छंदातून. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला 1616 साली छापलं गेलं, रोमन लिपीत, पण मराठी ओवीत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती आणि त्या जागी वाचायला काही नव्हतं, म्हणून हे पुराण. लोक देवळात येऊन बसायचे ते ऐकायला, आणि ऐकायची सवय त्यांना पुराणिकांनी लावलेली होती.

देशावर हे बीज पडलं ते अमेरिकन मराठी मिशनचं. 1813 साली मुंबईत, 1831 साली अहमदनगरला. ही माणसं काँग्रिगेशनल पंथाची होती. बिशप नाही, प्रत्येक गावची मंडळी आपला कारभार आपण बघणार. त्यातूनच ‘पंच’ आले, वर्गणी आली, सभासदांची यादी आली. स्वतःचा कारभार चालवायचा तर वही लागतेच, हे मला कळतं. पण एकदा वही आली की तिच्यात नाव कुणाचं, हा प्रश्नही येतो.

त्याच काळात मुंबईत दुसरी एक मंडळी होती. 1849 साली दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘परमहंस मंडळी’ स्थापन केली. जातिभेद मोडायचा, एक देव मानायचा, आणि हे सगळं दार लावून. पाव खाणं ही तिथली दीक्षा होती, कारण पाव ख्रिस्ती बेकऱ्याच्या हातचा. बेळगावचे बाबा पदमनजी हे तिचे सभासद. त्यांनी 1854 साली बाप्तिस्मा घेतला आणि 1857 साली ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली. परमहंस मंडळी फुटली ती सभासदांच्या यादीमुळे. नावं बाहेर आल्याचा बोभाटा झाला आणि साठ सालच्या सुमारास माणसं पांगली. सात वर्षांनी दादोबांचे धाकटे बंधू आत्माराम पांडुरंग यांनी सोबत्यांसह प्रार्थना समाज काढला. आता दार उघडं होतं. गिरगावात रविवारी उपासना, उपासनेत तुकोबांचे अभंग. रविवारी बाकावर बसून प्रवचन ऐकण्याचा शिरस्ता प्रॉटेस्टंटांचा, गाणं वारकऱ्यांचं. बाप्तिस्मा नको पण मंडळी हवी, असं वाटणाऱ्यांनी बांधलेलं हे घर होतं.

जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, पण ते कुठल्याच घरात शिरले नाहीत. 1873 च्या सत्यशोधक समाजाचा पायाच हा, की निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये भट-मध्यस्थ नको. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 साली निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एक घर कल्पिलं आहे. त्यात बाईने बौद्ध व्हावं, तिच्या नवऱ्याने ख्रिस्ती, मुलीने मुसलमान, मुलाने सार्वजनिक सत्यधर्मी, आणि कुणी कुणाचा हेवा न करता एका कुटुंबात नांदावं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून स्वयंपाकघराकडे बघत राहिलो होतो.

पण माझ्या बाबांचं खरं गोत्र मला सापडलं ते केडगावला. आमच्याहून ते फार लांब नाही, बारामती-दौंड गाडीने जायचं आणि दौंडला गाडी बदलायची. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला तो अँग्लिकन पद्धतीने, पण तिथल्या मठातल्या भगिनींना ही विद्यार्थिनी झेपली नाही. बायबलात ज्याचा आधार मला दिसत नाही ते मी मानणार नाही, हा तिचा हेका. क्रूस घालायला दिला तर त्याच्यावरची अक्षरं लॅटिन का, संस्कृत का नाहीत, असं विचारायची. त्या दिवसांतल्या पत्रांतून तिने स्पष्ट कळवलं की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवून मी आले, दुसरं मानेवर घेणार नाही. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी ती. आईबापांबरोबर तीर्थांमागून तीर्थं पायी हिंडलेली, दुष्काळात आईबाप गमावलेली. पुरोहित म्हणजे काय, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत इंग्लंडात पाहिलेल्या पंथांच्या बुजबुजाटाने आपण कशा गोंधळून गेलो, ते तिने सांगितलं आहे.

आणि तरीही ती एकटी राहिली नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. केडगावला दुष्काळातून आणलेल्या शेकडो बायका-मुलींची मंडळी तिने उभी केली, कुठल्याही एका पंथाला न बांधता. 1905 साली तिथे जे आत्मिक जागरण झालं, त्यात मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करत, रडत, कबुल्या देत. शिस्तशीर उपासनेची सवय असलेल्यांना ते रुचणं कठीण होतं. रमाबाईंनी त्यांना बोलू दिलं. मग त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी सगळं बायबल नव्याने उतरवलं. छपाई केडगावच्याच बायकांच्या हातची. 1922 साली त्या गेल्या, पुरं बायबल 1924 साली निघालं. आमच्या आजीकडे त्यातला एक भाग होता, फडक्यात बांधलेला. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण मधली अक्षरं ठसठशीत.

टिळकांचं घर निराळं. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नी लक्ष्मीबाईंना न सांगता. लक्ष्मीबाई नातलगांकडे पंढरपूरला राहिल्या. पुढे त्या परत आल्या तरी पुष्कळ दिवस एकाच गावात नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यातली, चुली वेगळ्या, असं चाललं. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं ते हे, की शिवाशिव त्यांच्या मनातून त्याआधीच गळून पडली होती. विचार करता करता, एकटीने. पाण्याचा विधी मागाहून आला.

टिळक मिशनचे पाळक झाले, नगरला राहिले, सगळ्या मंडळ्यांच्या तोंडी बसलेली गीतं त्यांनी लिहिली. आत्याच्या ‘उपासना संगीता’तून त्यांची गीतं काढली तर पुस्तक अर्धमेलं होईल. अशा माणसाने 1917 साली मिशनची नोकरी आणि पगार सोडला, साताऱ्याला जाऊन राहिला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही शिष्य चालत. ख्रिस्तावर प्रेम असलं की पुरे, वहीत नाव असो नसो. दोनच वर्षांत, 1919 च्या मे महिन्यात टिळक वारले आणि दरबार रुजायच्या आत विरला. मला वाटतं, मराठी ख्रिस्ती इतिहासातलं सर्वांत मोठं अधुरं काम म्हणजे टिळकांचं अपुरं राहिलेलं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ नव्हे. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. दरबार कुणी नेला नाही.

आमच्या भागात, बारामती-इंदापूरकडे, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आले ते ऑस्ट्रेलियातल्या ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’चे मिशनरी. हा पंथच मुळात पंथांना कंटाळून निघालेला. माणसांनी लिहिलेलं श्रद्धासूत्र नको, वर सत्ता नको, दर रविवारी प्रभुभोजन आणि जाणत्या वयात पाण्यात बुडवून बाप्तिस्मा, एवढंच. पण बारामतीत त्यांच्याकडे कामही आलं ते सेटलमेंटचं. ब्रिटिशांच्या कायद्याने जन्मापासून गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कुंपणात ठेवायचं आणि हजेरी घ्यायची. शाळा, दवापाणी, रोजगार मिशनने दिला, ते खरंच. पण ज्या माणसाचं नाव सरकारी हजेरीत रोज पुकारलं जातं, त्याला रविवारच्या भक्तीतलं ‘हजर’ वेगळं कसं वाटायचं? 1952 साली तो कायदा गेला. मोजणीची भीती एका पिढीत जात नाही, आणि पावत्यांपुढे ताठ होणारी माणसं मी नुसती आडमुठी म्हणू शकत नाही.

1970 च्या नोव्हेंबरात नागपूरला उत्तर भारतातली सहा चर्चं एक झाली. नगरच्या काँग्रिगेशनल परंपरेतल्या मंडळ्या बिशपांच्या छत्राखाली आल्या. आत्याला ते चांगलं वाटतं, "निदान विचारणारं कोणी आहे." आत्या दर रविवारी जाते म्हणून ती भोळी आहे असं नाही. तिने तिथली भांडणं बाबांपेक्षा जास्त बघितली आहेत. नवरा गेल्यावर चाळीस दिवस तिच्या दारात डबा येत होता, तो त्याच मंडळीतून. ती म्हणते, देव घरी भेटतो रे, पण डबा घेऊन मंडळीच येते. वह्या लिहिणारी माणसं आणि डबे आणणारी माणसं पुष्कळदा तीच असतात, हे बाबांना कधी दिसलं नाही असं मला वाटायचं.

या पावसाळ्यात आत्याचा गुडघा धरला. सहा आठवडे जिना नाही, रिक्षा नाही. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी पाळक आणि काही माणसं घरीच भक्तीला आली. बाबांनी सकाळीच सतरंजी झटकली, शेजारून चार खुर्च्या आणल्या, आणि भक्ती सुरू झाली तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून बसले, ना आत ना बाहेर. टिळकांचं गीत निघालं. पेटी नव्हती. दुसऱ्या कडव्यात सूर खाली घसरला तेव्हा उंबऱ्यावरून एक खर्जातला आवाज लागला, आणि आत्याने मान वळवली नाही.

आशीर्वाद झाला, दानाची थैली फिरली. माणसं चहासाठी बसली होती, तेवढ्यात आत्याने पलंगावरून विचारलं, "काय रे, आज मंडळी किती होती?"

नऊ जण आले होते. आत्या आणि मी धरून अकरा. बाबांनी खोलीभर नजर फिरवली, मग मागे वळून पाहिलं. आई ओट्यापाशी चहा गाळत होती.

"तेरा," बाबा म्हणाले.