बॉनेट उघडण्याचा हक्क

मंडळी, विकांत आला. आठवडाभर ज्या जुनाट कोडशी कुस्ती केली त्याला आता सोमवारपर्यंत सुट्टी. आज गप्पा जुन्या अमेरिकन गाड्यांच्या, आणि घरामागच्या एका गाडीपुरत्या गॅरेजात त्या खोलून, दुरुस्त करून, वर नव्या दमाचं इंजिन बसवणाऱ्या लोकांच्या. ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. कारण या सगळ्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे: पैसे मोजून घेतलेली वस्तू नक्की कुणाची?

सुरुवात अर्थातच हेन्री फोर्डपासून. १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी च्या दीड कोटीहून जास्त गाड्या तयार झाल्या. एका गाडीचा भाग दुसरीला बसायचा, त्यामुळे भंगारात पडलेली प्रत्येक गाडी म्हणजे सुट्या भागांचं दुकानच. मग १९३२ साली फोर्डने व्ही-८ इंजिनाची गाडी आणली. २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. तोवर आठ सिलिंडर म्हणजे श्रीमंतांची मिजास! फोर्डने ते आठही सिलिंडर एकाच ओतकामात बसवले आणि गाडी सुमारे पाचशे डॉलरला विकली.

या इंजिनाला 'फ्लॅटहेड' म्हणतात. व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, वरचं हेड म्हणजे जवळपास सपाट झाकण. डब्याचं झाकण काढावं तसं ते बोल्ट सोडून काढता येतं. हेड थोडं घासून पातळ केलं की कॉम्प्रेशन वाढतं. एका कार्बोरेटरऐवजी दोन लावले की इंजिनाला श्वास घ्यायला मोकळं होतं. दोषही होता. जळालेला वायू ब्लॉकच्या आतून बाहेर जायचा, त्यामुळे हे इंजिन फार तापायचं. पण गॅरेजवाल्याला दोषाचं वावडं नसतं. दोष म्हणजे त्याच्यासाठी पुढच्या रविवारचं काम :-)

दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं अशा गाड्या घेऊन मोहावी वाळवंटातल्या म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर जायची. मडगार्ड काढलेलं, छप्पर काढलेलं, आणि मैलोन्‌मैल सपाट जमीन. १९३७ साली तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन एससीटीए ही संघटना काढली आणि वेळ मोजण्याचे नियम ठरवले. लॉस एंजेलिसमध्ये गॅरेज चालवणाऱ्या विक एडलब्रॉकने फ्लॅटहेडसाठी स्वतःचा दोन कार्बोरेटरचा मॅनिफोल्ड तयार केला. लोक तो विकत मागू लागले आणि त्यातून पुढे मोठा कारखाना उभा राहिला.

मग महायुद्ध. १९४५ नंतर घरी परतलेल्या अनेक तरुणांच्या हाताला लेथ, वेल्डिंग आणि विमानाच्या इंजिनांची सवय झाली होती. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसनने 'हॉट रॉड' मासिकाचा पहिला अंक काढला, किंमत २५ सेंट. मला या मासिकाचं महत्त्व वेगळ्याच कारणासाठी वाटतं. 'हे मी असं केलं, तुम्हीही करा' हे त्यात फोटोंसकट छापून यायचं. एका गावच्या गॅरेजात सापडलेली युक्ती महिन्याभरात हजार मैलांवरच्या गॅरेजात पोचू लागली. आपण आज आपलं कोड सगळ्यांसाठी खुलं करतो, त्याची ही थोरली बहीण म्हणा ना!

आता येतो माझा आवडता भाग. १९५५ साली शेवरोलेने एड कोल यांच्या देखरेखीखाली तयार झालेलं नवं व्ही-८ आणलं, २६५ घनइंचाचं. ओतकाम पातळ, वजन कमी, किंमत आटोक्यात. त्याच वर्षी गाडीची वीज ६ व्होल्टवरून १२ वर गेली. पण खरी गंमत पुढे झाली. हे 'स्मॉल ब्लॉक' वाढत गेलं, २८३, ३२७, ३५० घनइंच, तरी बाहेरचा आकार आणि गिअरबॉक्सला जोडणाऱ्या बोल्टांच्या जागा त्याच राहिल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर आतली अंमलबजावणी बदलली, इंटरफेस तोच. म्हणून १९५५ च्या गाडीत पंधरा वर्षांनंतरचं इंजिन फारशी कापाकापी न करता बसायचं. १९९७ साली कॉर्व्हेटमध्ये आलेलं एलएस-१ तर जवळजवळ पूर्ण नवं डिझाइन होतं. तरीही गिअरबॉक्सकडच्या बहुतेक बोल्टांच्या जागा जुन्याच! २०११ साली जनरल मोटर्सने दहा कोटीवं स्मॉल ब्लॉक बनवलं.

इंजिन बसलं म्हणजे काम झालं असं मात्र नाही. १९५५ च्या शेवरोलेला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ब्रेकच्या तेलाची एकच वाट. कुठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम गेले. दुप्पट ताकदीचं इंजिन घालून हे ब्रेक तसेच ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून जाणता माणूस आधी दुहेरी मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक बसवतो. मग रेडिएटर, वायरिंग, स्टीअरिंग. आणि त्याही आधी गंज! खालचा पत्रा सडलेला असेल तर पुट्टी भरून रंग देण्यात अर्थ नाही, तो कापून नवा पत्रा वेल्ड करावाच लागतो.

इथे दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी, इंजिनावर ठोकलेला क्रमांकसुद्धा मूळचाच. दुसरा म्हणतो, गाडी चालवायला असते, शोकेसमध्ये ठेवायला नाही. हवानात या वादाला जागाच नव्हती. अमेरिकेने १९६० साली क्यूबाला होणारी बहुतेक निर्यात बंद केली, १९६२ मध्ये नाकेबंदी पूर्ण झाली आणि डेट्रॉइटचे सुटे भाग संपले. तिथल्या मेकॅनिकांनी शेवरोलेत लाडा-व्होल्गाचे भाग आणि डिझेल इंजिनं घातली. त्या गाड्या पुढची अनेक दशकं टॅक्सी म्हणून धावल्या आणि त्यावर घरं चालली. त्यांना 'अस्सल नाही' असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

मला स्वतःला एक निकष पटतो: परत फिरता येईल असा बदल करा. बोल्टने बसवलेलं उद्या काढता येतं, चॅसी कापली की गेली ती गेली. मूळ इंजिन कापडात गुंडाळून कोपऱ्यात ठेवणारे लोक आहेत, आणि ते मला दोन्ही पक्षांपेक्षा शहाणे वाटतात. पुढच्या मालकाचा निर्णय ते त्याच्यासाठी शिल्लक ठेवतात.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे. एलएस इंजिन चालवतो संगणक. इंधन किती, ठिणगी कधी, हे सगळं आकड्यांच्या तक्त्यांत. शिवाय चोरीविरोधी कुलूपही त्यातच. मूळ गाडीकडून ठरलेला संकेत आला नाही तर ते इंजिनाला चालूच राहू देत नाही. म्हणजे हे इंजिन १९५७ च्या गाडीत घालायचं तर पान्याइतकंच सॉफ्टवेअर हवं. शौकिनांनी ते तक्ते वाचायची आणि बदलायची विद्याही हस्तगत केली. पण १९९८ च्या अमेरिकन कॉपीराइट कायद्यानुसार असं डिजिटल कुलूप तोडणं संशयाच्या छायेत होतं. वाहन उद्योगाचा विरोध असताना २०१५ साली गाडीमालकांना निदान, दुरुस्ती आणि कायदेशीर बदलांसाठी सूट मिळाली. ती दर तीन वर्षांनी नव्याने मागावी लागते. आपल्याच गाडीचं बॉनेट उघडायला दर तीन वर्षांनी परवानगी, बघा!

१९३२ च्या फोर्डला असली परवानगी लागली नाही, कारण तिचं कुलूप म्हणजे काही बोल्ट होते. आज रस्त्यावर येणाऱ्या गाड्या चाळीस वर्षांनी कुणीतरी पोरगा किंवा पोरगी भंगारातून घरी आणेल. पत्रा ते शिकतील, वेल्डिंगही शिकतील. पण आतल्या कोडच्या किल्ल्या तोवर बंद पडलेल्या एखाद्या सर्व्हरबरोबर गेलेल्या असतील, तर ती गाडी फक्त पत्र्याची पेटी उरेल. आणि ते कोड आज लिहिणारे कोण? तुमच्या-माझ्यासारखेच, सोमवारी सकाळी कामावर जाणारे.