मुंबईची ३९ मिनिटे

मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत, मला दरवर्षी कुणीतरी विचारतेच, "तू नक्की कशात संशोधन करतेस?" 'तंत्रज्ञानाचे तत्त्वज्ञान' असे उत्तर दिले की समोरचे काका "छान, छान" म्हणत मसालेभाताकडे वळतात. त्यांचे काही चुकत नाही; हा विषय व्याख्या सांगून कळणारा नाही. म्हणून यंदा व्याख्येऐवजी एक गोष्ट सांगायची असे ठरवले आहे. ती आधी तुम्हाला सांगते.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला गेलात तर कॉर्न स्ट्रीटवरच्या जुन्या एक्स्चेंजच्या इमारतीवरचे घड्याळ जरूर पाहा. त्याला मिनिटकाटे दोन आहेत. एक ग्रिनिचची वेळ दाखवतो, दुसरा ब्रिस्टलची, म्हणजे सुमारे १० मिनिटे मागची. ब्रिस्टल पश्चिमेला, त्यामुळे तिथे सूर्य डोक्यावर यायला तेवढा उशीर होतो. रेल्वे येईपर्यंत याची अडचण कुणाला नव्हती. प्रत्येक गावाची आपली दुपार होती. पण आगगाडीच्या वेळापत्रकाला गावोगावच्या दुपारी परवडत नाहीत. ब्रिस्टलने १८५२ मध्ये ग्रिनिचची वेळ स्वीकारली.

मुंबईने असे ऐकले नाही.

मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. हिंदुस्थानातल्या रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर चालत, आणि ती मुंबईपेक्षा अर्धा तास पुढे होती. गाडी पकडायची तर मनात अर्धा तास मिळवून घरातून निघायचे. लोक तेवढा हिशेब करत, कारण तो फक्त प्रवासापुरता होता. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी (पुण्याच्या कॉलेजला नाव आहे तेच हे) सरकारी कचेऱ्यांनाही मद्रास वेळ लावायचे ठरवले आणि शहर बिथरले. राजाबाई टॉवरच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी यावरही वाद झाला. शेवटी सरकारला माघार घ्यावी लागली.

दुसरी फेरी जास्त गंभीर होती. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची 'भारतीय प्रमाणवेळ' आली. मुंबईची घड्याळे ३९ मिनिटे पुढे करायची होती. त्याच महिन्यात गिरण्यांमधल्या हजारो कामगारांनी काम थांबवले, दगडफेक झाली. शहरात सभा झाल्या, हजारो सह्यांचे अर्ज गेले. नुकतीच बंगालची फाळणी झालेली, स्वदेशीचे वातावरण तापलेले. सरकारने न विचारता केलेली कोणतीही गोष्ट तेव्हा सहज खपणारी नव्हती.

पण कामगारांचे कारण एवढेच नसावे, असे मला वाटते. जानेवारीच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य उगवतो तो प्रमाणवेळेनुसार सव्वासातच्या आसपास; जुन्या मुंबई वेळेने साधारण ६ वाजून ३३ मिनिटांनी. भोंगा नव्या घड्याळावर वाजला तर चाळीतून अंधारातच निघायचे. संध्याकाळी तेवढेच लवकर सोडतील, असे तुम्ही म्हणाल. पण त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे येत होते. पूर्वी अंधार पडला की माग थांबत. दिव्यांखाली ते रात्रीपर्यंत चालू लागले. कामाचा दिवस १४-१५ तासांवर गेला आणि १९०५ मध्ये त्यावरूनही कामगार भडकले होते. कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांना १२ तासांची मर्यादा मिळाली ती १९११ च्या कायद्याने. म्हणजे ज्या कामगाराची संध्याकाळ दिव्याने आधीच नेली होती, त्याची पहाट आता घड्याळ मागत होते. त्याने भरवसा का ठेवावा?

माझे आजोबा परळला गिरणीत होते. त्यांच्याकडे मनगटी घड्याळ होते, पण ते लग्नकार्यापुरते. रोजची वेळ भोंगा सांगे. भोंग्याची वेळ कोण ठरवतो, हा प्रश्न त्यांनी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही तो विचारायला शिकले ते बरेच उशिरा, पुस्तकांतून.

लुईस ममफर्डने १९३४ मध्ये लिहिले की आधुनिक औद्योगिक युगाचे मुख्य यंत्र वाफेचे इंजिन नसून घड्याळ आहे. आमच्या विषयात हे वाक्य पाठच असते. मुंबईची गोष्ट वाचल्यावर मात्र ते मला अपुरे वाटू लागले. मुंबईकरांना घड्याळाचे वावडे नव्हते. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये उभा राहिला होता. त्यांचे भांडण यंत्राशी नव्हते, त्याचे काटे कोण फिरवणार याच्याशी होते. यंत्रांत राजकारण असते का, असे लॅंग्डन विनर यांनी १९८० मध्ये विचारले, तेव्हा त्यांच्यासमोर पूल आणि अणुभट्ट्या होत्या. ३९ मिनिटांचे उदाहरण त्यांना मिळायला हवे होते! इथे कुणी नवे यंत्र आणले नाही, जुने मोडले नाही. फक्त एक काटा सरकवला.

पुढचे तर वाचण्यासारखे आहे. १९०६ मध्येच मुंबई महापालिकेने आपल्या घड्याळांना मुंबई वेळच ठेवायचा ठराव केला. मग ४४ वर्षे शहरात दोन वेळा नांदल्या: रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांची एक, महापालिकेची दुसरी. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, सरकारने प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे नेली, तेव्हा हा फरक १ तास ३९ मिनिटांचा झाला. भेटीची वेळ ठरवताना लोक 'कोणती वेळ?' असे विचारत असणार. अमेरिकेत नातेवाईक असलेल्यांना हा प्रश्न अगदी घरचा वाटेल.

महापालिकेने मुंबई वेळ सोडली १९५० मध्ये. प्रमाणवेळ तीच होती, साडेपाच तासांची. सूर्यही तिथेच होता. फक्त ती लादणारे सरकार उरले नव्हते.

पंचांगाने मात्र तडजोड केलीच नाही. सूर्योदय, चंद्रोदय ज्या गावचा त्या गावचा. मुंबईत आजही सूर्य माथ्यावर येतो तो १२ वाजता नव्हे, तर ऋतूनुसार साधारण १२:२२ ते १२:५३ च्या दरम्यान. परवा संकष्टीला आईचा फोन आला. तिकडचा चंद्रोदय होऊन तिचे जेवणही उरकले होते. "तू सोडलास का उपास?" मी खिडकीबाहेर पाहिले. इथे अजून ऊन होते. "नाही गं," म्हटले, "आमचा चंद्र यायचाय."