पूल बंद, माणसं चालू

१२ सप्टेंबर २०२५ च्या रात्री परळ-प्रभादेवीचा रस्त्याचा पूल बंद झाला. म्हणजे आपला एल्फिन्स्टनचा पूल. शंभरी ओलांडलेला हा पूल पाडून तिथे दुमजली पूल बांधायचं ठरलं. वरून शिवडी-वरळीची वाहतूक आणि खालून आपली नेहमीची.

वाहतूक पोलिसांनी पर्यायी रस्ते जाहीर केले. दादरकडच्या गाड्या टिळक पुलावरून. करी रोडच्या पुलावर सकाळी ७ ते दुपारी ३ एका दिशेने, ३ ते रात्री ११ उलट दिशेने आणि रात्री दोन्हीकडून. वाचून बरं वाटलं, विचार केलाय म्हटलं. मग लक्षात आलं, ह्या पुलावरून मी गाडीने कितीदा गेलोय? जायचो ते पायीच.

ह्या भागाचा इतिहासच मुळी चालणाऱ्यांचा. भोंगा वाजला की लालबाग-परळच्या चाळींमधून माणसं चालत पाळीला जायची. १९८२ चा संप झाला, हळूहळू गिरण्या गेल्या, तिथे ऑफिसं आली. गर्दी वाढली, स्टेशनचे जिने मात्र तेवढेच राहिले.

त्याची किंमत २९ सप्टेंबर २०१७ ला मोजली. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. जोराचा पाऊस, म्हणून लोक स्टेशनच्या पादचारी पुलावर आडोशाला थांबलेले. खालून लोकल येतच होत्या, माणसं चढतच होती. त्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. नवा पूल मंजूर होता, पण कागदावर! पुढे लष्कराने तिथे पादचारी पूल बांधला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. पाच महिन्यांत. म्हणजे मनात आणलं तर होतं.

म्हणून रस्त्याचा पूल बंद झाल्यावर मला पहिली आठवण त्या जिन्याची झाली. गाडीवाला वळसा घेतो. पण प्रभादेवीहून केईएमला किंवा टाटाला निघालेली म्हातारी बाई टिळक पुलाला वळसा घालून चालत जाईल का? ती स्टेशनच्या जिन्यानेच जाणार, नाहीतर पत्र्यांमधली फट शोधणार. तेव्हा पत्रे ठोकायच्या आधी चालणाऱ्याची वाट आखायला हवी. पुरेशी रुंद, दिवे असलेली, गाड्यांपासून कठड्याने वेगळी केलेली.

असो. पुढच्या वेळी 'वाहतुकीत बदल'चा फलक दिसला, तर त्यात चालणाऱ्यासाठी एखादा बाण आहे का, तेवढं बघा.